अस्वल बसवायला दौंडला

मी न्हावऱ्याहून दौंडला गेले ते देवाला नाही, दवाखान्याला नाही आन् लग्नालाही नाही. कापडाचं अस्वल टेबलावर तासभर बसतं का पडतं, ते बघायला गेले. मी वहीत लिहिते आणि सून ते कॉम्प्युटरवर चढवते. ती म्हणाली, "आत्या, टेडी बेअर लिहा, लोकांना बरं वाटतं." मी अस्वलच लिहिणार. चार बुकं शिकले त्यात अस्वल होतं.

ह्या सगळ्याला कारण आमची शेजारीण मुमताज. ब्लाउज शिवते. गावातल्या निम्म्या बायका किती सुटल्या ते त्यांच्या नवऱ्यांच्या आधी हिला कळतं. ती दौंडला मावसबहिणीच्या घरी गेली होती, तिथं रेल्वे कॉलनीतल्या बायकांचं मंडळ बघून आली. महिन्याच्या दुसऱ्या रविवारी दुपारी ह्या बायका जमतात, अस्वलं शिवतात, गप्पा मारतात, चहा पितात आणि घरी जातात.

"विकत्यात?" मी विचारलं.

"न्हाई नानी."

"पोरांना देत्यात?"

"पोरांना हात लावू देत न्हाईत. कपाटात ठेवत्यात."

"मग कपडे कुठं ठेवत्यात?"

मुमताज हसली नाही. म्हणाली, "नानी, दिवसभर मशीनवर मी एकटी. गिऱ्हाईक आलं की 'कवा देतीस' एवढंच बोलतंय. महिन्यातनं एक दुपार चार बायकांत बसायचंय मला."

ह्यावर मी काही बोलले नाही. मी गप्प बसले की समोरच्याला होकार वाटतो, ही माझी जुनी खोड.

मंडळात शिरायचं तर नियम होता. अस्वल स्वतःच्या हातानं केलेलं पाहिजे, आणि बैठक चालू असेपर्यंत ते टेबलावर आधाराशिवाय बसलं पाहिजे. कलंडलं तर बाईला घेत नाहीत. हाच नियम माणसांना लावला असता तर ग्रामपंचायतीत कुणी उरलं नसतं. दुसरी अट घरची. मुमताजची सासू हलीमाबी म्हणाली, "एकटी न्हाई जायची. नानी संगं येत असंल तर जाऊ द्या." म्हणजे माझी नेमणूक झाली.

अस्वल दिवाळीच्या आधीच तयार झालं. पहिलं वाया गेलं. मुमताजनं लव असलेलं कापड कात्रीनं कापलं, सगळ्या शिवणींवर टक्कल पडलं, गोवर उठलेलं जनावर दिसायला लागलं. हे कापड उलट्या बाजूनं ब्लेडनं कापायचं असतं, नुसता पाठीचा धागा तुटला पाहिजे, लव नाही. दुसऱ्या वेळेला तिनं तसंच केलं. हातपाय फिरावेत म्हणून आतनं पुठ्ठ्याच्या चकत्या आणि नटबोल्ट बसवले. डोळ्यांसाठी आम्ही दोघी शिरूरला गेलो. दुकानदारानं विचारलं, "आजी, कोटाला बटनं का?" मी म्हणाले, "अस्वलाला डोळे." त्यानं पुढं काही विचारलं नाही.

शेवटी पाठीची शिवण राहिली. मुमताजला दिवाळीचे ब्लाउज आले होते, म्हणून ती शिवण घालायला तिनं मला दिली. गोधड्या शिवण्यात माझं आयुष्य गेलं. आमच्यात गोधडीचा शेवटचा कोपरा बंद करायच्या आधी आत चिमूटभर धान्य टाकतात. रिकाम्या पोटाची गोधडी पांघरू नये म्हणतात. हे मी करते म्हणजे विचार करून करते असं नाही, हातच करतो. पण अस्वल म्हणजे जनावर. त्याचं चिमटीनं काय होणार? मी मूठभर बाजरी घातली आणि शिवून टाकलं. सांगायचं राहून गेलं. त्यानंतर महिनाभर अस्वल पत्र्याच्या पेटीत पडून होतं.

आता रस्ता, कारण वाचणाऱ्यांना रस्ता पाहिजे असतो.

न्हावऱ्याहून सकाळी चौफुल्याला एसटी मिळते. पंचाहत्तरच्या पुढं असाल तर दाखला जवळ ठेवा, तिकीट लागत नाही. कंडक्टरनं माझ्या तोंडाकडं बघूनच फुकट सोडलं, त्याचा मला थोडा रागच आला. खिडकीजवळ बसा, पण उन्हाच्या बाजूला बसू नका. पारगावच्या पुलावर भीमा लागते. पाणी बघून एक बाई नदीत नाणं टाकायला उठली, ते पुढच्या माणसाच्या टोपीवर पडलं. त्यानं खिशात घातलं.

मुमताजनं अस्वल पिशवीत न घालता मांडीवर घेतलं होतं, लव दबू नये म्हणून. शेजारच्या बाईनं वाकून बघितलं.

"किती म्हैन्याचं?"

"दीड," मी म्हणाले.

"बापावर गेलंय," ती म्हणाली. तिच्या चष्म्याची काच तडकलेली होती.

चौफुल्याला उतरून आम्ही भजी खाल्ली. भजी बरी, चटणी पाण्यासारखी, चहा मागून घ्या, नुसतं बसलात तर कुणी विचारत नाही. तिथून हायवेनं पाटस. गाळप चालू होतं, साखर कारखान्याच्या धुराड्यातनं धूर आणि मळीचा वास. वास नवख्याला मळमळवतो, पाटसकरांना तो पगाराचा वाटतो. ट्रॅक्टरमागं दोन-दोन ट्रॉल्या, उसाची कांडी रस्त्यावर पडलेली, आणि डायव्हरनं एवढी मोठी गाणी लावलेली की मागच्या गाडीचा हॉर्न ऐकू येणार नाही. पाटसहून दौंडला जीप. जीपमध्ये दहा माणसं बसतात असं जीपवाला म्हणतो. आम्ही चौदा होतो आणि एक अस्वल. त्यानं अस्वलाचं भाडं मागून बघितलं.

रेल्वे कॉलनीतलं क्वार्टर म्हणजे उंच छत, लाल फरशी आणि पंख्याचा खडखडाट. आठ बायका होत्या. त्यातल्या सहांना पदं होती. अध्यक्षा, उपाध्यक्षा, सचिव, सहसचिव, खजिनदार, आणि एक चहा-प्रमुख. उरलेल्या दोघी साध्या सभासद, त्या फार गरीब चेहऱ्यानं बसलेल्या. आधी मागच्या बैठकीचा वृत्तांत वाचला. त्यात लिहिलं होतं की मागच्या बैठकीत त्याच्या मागच्या बैठकीचा वृत्तांत वाचला.

अध्यक्षाबाई गोऱ्या, उंच, केस कापलेल्या. बोलणं तुपातलं. "या मुमताज, आणि ह्या आजी का? वा, वा. आपण अस्वलाला बसवू या."

मुमताजनं अस्वल टेबलावर ठेवलं. हात काढला. आठही बायका पुढं वाकल्या.

अस्वल बसलं. डगमगलंही नाही. पाटलानं लोडाला टेकावं तसं बसलं.

मग बायकांच्या गप्पा सुरू झाल्या, आणि खरं सांगते, तिथं मला बरं वाटायला लागलं. एकीनं आपल्या अस्वलाचं नाक तीनदा उसवलेलं. दुसरी म्हणाली, "उसव अजून, तुझ्या सासूसारखं दिसतंय." तिसरी म्हणाली, "अगं, मग कशाला उसवते, घरी एकतरी सासू गप्प बसेल." चहा-प्रमुखनं हसता हसता चहा बशीत सांडला. मुमताज आधी नुसती ऐकत होती, मग तिनं एका गिऱ्हाईक बाईची गोष्ट सांगितली, ती बाई दर वर्षी जुनंच माप द्यायची आणि ब्लाउज फाटला की धाग्याला नाव ठेवायची. सगळ्या हसल्या. मुमताजला मी एवढं बोलताना कधी बघितलं नव्हतं.

तेवढ्यात अध्यक्षाबाईंनी अस्वल उचललं. "काय सुंदर बसतं! आम्ही वजनाला प्लास्टिकचे दाणे भरतो, पुण्याहून आणावे लागतात. तू काय भरलंस?"

"काही न्हाई. नुसता कापूस."

"नाही गं, आत दाणे लागतायत हाताला."

"न्हाई बाई, कापूसच हाय."

अध्यक्षाबाईंनी अस्वलाचं पोट दाबलं. पाठीच्या शिवणीतनं एक काळा सोंडा बाहेर आला. धान्यात पडतात ना, ते बारीक किडे. मग दुसरा. पहिला त्यांच्या पांढऱ्या बाहीवरून कोपराकडं निघाला. त्या ओरडल्या, अस्वल टेबलावर पडलं, सहसचिव खुर्चीवर चढली. एका क्षणात सगळ्यांनी आपापली अस्वलं पोटाशी धरली, गावात साथ आल्यावर पोरं धरतात तशी.

सचिव म्हणाली, "आम्हाला खोटं सांगायची काय गरज होती?"

मुमताजचं तोंड उतरलं. तिला खरंच माहीत नव्हतं. ती म्हणाली, "मी न्हाई घातलं काही," आणि ते ऐकायला आणखी खोटं वाटलं.

गप्प बसले असते तर कुणाला कळलं नसतं. मुमताजनंही माझं नाव घेतलं नसतं. पण पोरगी खोटारडी ठरून परत आली असती, आणि मला रोज तिच्या दारावरून जावं लागतं.

"बाजरी मी घातली," मी म्हणाले. "तिला ठाऊक न्हाई. आमच्यात रिकाम्या पोटाचं शिवत न्हाईत."

"बाजरी?" उपाध्यक्षा म्हणाली. "टेडीमध्ये?"

"तुम्ही प्लास्टिक घालता, त्याला कीड लागत न्हाई, एवढाच फरक. किडीलाबी कळतंय खायचं काय असतंय."

कुणी हसलं नाही. फक्त त्या दोन साध्या सभासदांतली एक खोकली, पण तो खोकला नव्हता.

मग पंचायत बसली. अस्वल तर बसलं होतं, पण बाजरीमुळं. बाजरी मुमताजची नव्हती. शेवटी अध्यक्षाबाई म्हणाल्या, "इथंच उसव, साफ कर, परत भर. बसलं तर बघू."

आम्ही परसात जाऊन पाठ उसवली. बाजरी चिमण्यांना टाकली, कापूस फेकला, कातडं उलटं करून झटकलं, दोरीवर उन्हात धरलं. चहा-प्रमुखनं आपल्यातला फायबरचा कापूस दिला. खजिनदारानं प्लास्टिकचे दाणे पुढं केले. मुमताज म्हणाली, "नको." ती जमिनीवर बसली, कात्रीच्या टोकानं कापूस चिमूट-चिमूट आत ठासत गेली. आधी बूड. बोट आत जाणार नाही एवढं कडक. मग पोट मऊ. पायांचे बोल्ट तिनं थोडे सैल केले, मांड्या फाकवल्या, परत आवळले. तिच्या हातांकडं बघता बघता दारातल्या बायका परसात उतरल्या. सहसचिव तर अगदी शेजारी फतकल मारून बसली आणि विचारायला लागली, "एवढं कडक भरल्यावर शिवण नाही का फाटत?"

"दुहेरी दोरा घ्यायचा, ताई. आन् टाका जवळ."

शिवण तिची तिनंच घातली. माझ्याकडं सुई दिली नाही.

अस्वल परत टेबलावर ठेवलं. ते बसलं. हिशेब, आभार, पुढच्या बैठकीचा विषय, सगळं संपेपर्यंत बसलं. अध्यक्षाबाईंनी मुमताजचं नाव वहीत लिहिलं आणि अस्वलाच्या कटिंगचा कागद तिच्या हातात दिला. मुमताजनं तो चार घड्या करून ब्लाउजमध्ये ठेवला, नोट ठेवतात तसा.

दारात चपला घालताना अध्यक्षाबाई माझ्याजवळ आल्या. माझा हात हातात घेतला. "आजी, तुम्हाला एवढ्या लांबून दर महिन्याला दगदग कशाला? वय झालं. आता मुमताजला वाट कळली आहे."

तुपातलं बोलणं मलाही कळतं. मी म्हणाले, "व्हय बाई, गुडघे दुखत्यात." गुडघे माझे ठणठणीत आहेत.

येताना मुमताज बोलतच होती. पाटसपर्यंत नाक दोऱ्यानं कसं भरायचं, चौफुल्यापर्यंत कान. मी खिडकीबाहेर बघत होते. पारगावच्या पुलावर तिनं विचारलं, "नानी, तुमाला राग आला का?"

"कशाचा?"

"काही न्हाई," ती म्हणाली, आणि पुढं घरापर्यंत गप्प बसली. मला तेच जास्त लागलं.

आता हलीमाबी जाते तिच्याबरोबर. पहिल्या खेपेला तोंड वाकडं करून गेली, आल्यावर म्हणाली, "बिनकामाच्या बाया हायेत." दुसऱ्या खेपेला सकाळी सहालाच तयार होऊन बसली. परवा माझ्याकडं आली आणि गोधडीचा कोपरा कसा दुमडता ते विचारायला लागली. अस्वलाच्या कानाला पाहिजे म्हणे. मी म्हणाले, येत न्हाई मला. दुसऱ्या दिवशी बोलावून दाखवला. तिचे टाके लांब पडतात.

तुम्हाला जायचं असेल तर महिन्याचा दुसरा रविवार धरा. सकाळची एसटी चुकवू नका, चौफुल्याला चहा मागून घ्या, जीपमध्ये पुढं बसा. अस्वल स्वतःचं न्या आणि बूड कडक भरा. माझी ओळख सांगू नका, आत घेणार नाहीत. पण परतताना न्हावऱ्याला उतरा. दुपारभर मी घरीच असते. काय काय बोलल्या त्या, सगळं सांगून जा.