उजव्या बाजूचा आरसा

“हे नाव माझं नाही,” बाई म्हणाल्या आणि फॉर्म माझ्या हातात परत दिला.

हातखंब्याजवळच्या एका गॅरेजच्या आवारात आम्ही उभे होतो. समोर त्यांची गाडी. पुढचा डावा कोपरा पार आत गेलेला, डावं दार उघडत नव्हतं, बॉनेटवर जांभ्या दगडाचा लाल चुरा. या गाडीत चार माणसं होती आणि चौघंही वाचली होती. बाई, त्यांचे मिस्टर, सासूबाई आणि आठ वर्षांची मुलगी. मिस्टरांचा पाय मोडला होता, ते हॉस्पिटलमध्ये होते. बाईंच्या कपाळावर तीन टाके होते.

मी मेकॅनिकल इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि सहा महिन्यांच्या इंटर्नशिपसाठी एका सर्व्हेअरच्या ऑफिसात जाते. अपघात झालेली गाडी तपासून, काय मोडलं आणि कशाने मोडलं हे विमा कंपनीला लिहून देणारा माणूस म्हणजे सर्व्हेअर. माझं काम फोटो काढायचे आणि फॉर्म भरायचा. चालकाच्या रकान्यात मी बाईंच्या मिस्टरांचं नाव घालूनच आले होते. कंपनीला फोनवर तेच कळवलं गेलं होतं. मीही विचारलं नाही. गाडी त्यांच्या नावावर, मग चालवत तेच असणार, असं मलाही वाटलं.

“फोन मी केलेला,” शेजारी उभा असलेला त्यांचा दीर म्हणाला. “लिहिलंय ते बरोबर आहे. राहू दे.”

“भाऊजी, गाडी मी चालवत होते.”

“वहिनी, वाडीत काय बोलतायत ठाऊक आहे ना तुला? डावी बाजू आपटली, नवऱ्याचा पाय गेला, बाई उजवीकडे सुखरूप. स्वतःला वाचवलंन आणि त्याला पुढे केलंन. दादाचं नाव असलं की तोंडं बंद होतील सगळ्यांची. तुझ्याच भल्यासाठी सांगतोय.”

मला त्याचा राग आला नाही. तो खरंच भल्यासाठी सांगत होता. हेच जास्त अवघड होतं.

बाई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतात. वर्गात फळ्यावर उदाहरण समजावावं तसं त्यांनी मला सांगितलं. “कोल्हापूरहून येत होतो. पालीच्या अलीकडच्या उतारावर, वळणावर, समोरून ट्रक आला. दुसऱ्या गाडीला मागे टाकत आमच्या बाजूला शिरला. उजवीकडे ट्रक, डावीकडे दरड. नुसता ब्रेक दाबला असता तर समोरासमोर सापडलो असतो. मी दरड घेतली. तो थांबला नाही.”

“ट्रक कोणी बघितला का?” मी विचारलं.

“हे झोपले होते. सासूबाईंचाही डोळा लागलेला. मुलीने बघितला, पण लोक म्हणतात आईने पढवलंय. यांनाही वाटतंय की मला डुलकी लागली. बोलत नाहीत, पण वाटतंय. म्हणून तर माझं नाव पाहिजे. मी चालवत होते म्हणून चौघं आहोत. आता त्यांच्या नावामागे लपले, तर लोक बोलतायत ते मीच कबूल केल्यासारखं होईल.”

मी आमच्या सर्व्हेअर सरांना फोन लावला. पोलिसांना बाईंनी हॉस्पिटलमधूनच स्वतःचं नाव सांगितलं होतं, हेही सांगितलं.

“म्हणजे दोन कागदांवर दोन नावं,” सर म्हणाले. “कंपनी क्लेम अडवू शकते. त्यांना कल्पना दे.”

मी दिली.

“अडवू दे,” बाई म्हणाल्या.

“फोटो काढलेस?” सरांनी विचारलं.

“हो सर. चौदा.”

“उजव्या बाजूचे किती?”

“एकही नाही.” उजवी बाजू मोडली नव्हती, म्हणून मी तिकडे गेलेच नव्हते.

“माणसांना विचारून झालं. आता गाडीला विचार.”

आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. मोठ्या माणसांसमोर उलटं बोलायची मला सवय नाही. दीर पुन्हा म्हणाला, “अगो, कशाला वाढवतेस?” तेव्हा मी कसंबसं म्हटलं, “काका, खाली सही माझी जाते.” आणि गाडीला वळसा घातला.

आधी सीट. ड्रायव्हरची सीट पुढे ओढलेली होती. बाई जेमतेम पाच फूट, मिस्टर, गॅरेजच्या मिस्त्रींच्या म्हणण्याप्रमाणे, चांगले उंच. मग बेल्ट. मोठी धडक बसली की सीटबेल्ट एका झटक्यात आवळला जातो आणि तसाच अडकतो, परत आत जात नाही. ड्रायव्हरचा बेल्ट लहान चणीच्या माणसाच्या मापाला अडकला होता.

मग आरसा. उजव्या बाजूचा आरसा मागच्या दिशेने मोडून लोंबत होता. त्याच्यामागे दाराच्या वरच्या कडेने गाडीच्या मागच्या टोकापर्यंत एक ओरखडा. बाईंची गाडी पांढरी. ओरखड्यात निळा रंग.

“वायच थांबा,” मिस्त्री म्हणाले आणि मोजपट्टी घेऊन आले. ती ओरखड्याला लावून मी फोटो काढले. एवढ्या उंचीवर दुसऱ्या कारचा बंपर लागत नाही. ट्रकचा फाळका, म्हणजे हौद्याची बाजूची फळी, लागतो. आणि आरसा मागे मोडला, म्हणजे घासणारं वाहन समोरून आलं होतं.

दीर ओणवा होऊन बघत राहिला. “हा आधी नव्हता ओरखडा,” तो हळूच म्हणाला.

दोन दिवसांनी मिस्टरांना हॉस्पिटलमधून सोडलं. दिराच्या गाडीने घरी जाताना मोडक्या गाडीतलं सामान काढायला सगळे गॅरेजवर थांबले. सर आले होते. मिस्टर कुबड्या घेऊन उजव्या बाजूला गेले. सरांनी काही समजावलं नाही, फक्त आरसा दाखवला. मिस्टरांनी निळ्या रंगावर बोट फिरवलं. मग त्या ओरखड्यापासून ड्रायव्हरच्या सीटपर्यंत किती अंतर आहे, ते हाताच्या पंजाने मोजल्यासारखं केलं.

“माझी चूक नव्हती, एवढं लिहून द्याल?” बाईंनी सरांना विचारलं.

“मी सर्टिफिकेट देत नाही, मॅडम. गाडीवर दिसलं ते लिहितो.”

“चालेल. तेच लिहा.”

मग त्या दिराकडे वळल्या आणि हात पुढे केला. “किल्ली द्या, भाऊजी. मी चालवते.”

दिराने भावाकडे बघितलं.

“माझ्याकडे काय बघतोस? तिने मागितलीय,” मिस्टर म्हणाले.

“बरं, मग तू मागे बस, दादा. पाय लांब करता येईल.”

“पुढची सीट सरकव. मी पुढे बसतो.”

ते पुढे बसले, डाव्या बाजूला. बाईंनी आपली सीट पुढे ओढली, बेल्ट लावला आणि गाडी पालीच्या रस्त्याला लागली.

कंपनीने दोन नावांबद्दल खुलासा मागितला. सरांनी सीट, बेल्ट आणि आरशाचे फोटो पाठवले. क्लेम मंजूर झाला. ट्रक सापडला नाही. वाडीतलं बोलणं थांबलं की नाही, मला माहीत नाही. रिपोर्टमध्ये त्याला रकाना नसतो.

मोडलेली बाजू सगळ्यांनाच दिसते. मी आता फोटो काढायला न मोडलेल्या बाजूपासून सुरुवात करते.