पत्ता बदलला, पान तेच!

आमचं ऑफिस झाशीच्या सीपरी बाजारात, शिलाई मशीनच्या दुकानावर. माणसं तीनच, पण चहाला बसलो की एवढे किस्से निघतात, की चहा गार होतो! इथल्या मराठी घरांसाठी लग्नाच्या स्थळांची वेबसाइट केली, तेव्हाचा हा किस्सा. माहिती भरायची आणि फोन घ्यायचे, हे माझं काम. प्रोग्रॅमिंग पल्लवीचं.

साइटवर शिल्पाचं स्थळ दोन नंबरचं. तिची आई दर सोमवारी फोन करायची, "ताई, कुणी विचारलं?" मी म्हणायची, "अजून नाही हो." एकदा त्या हळूच म्हणाल्या, "फोटोत काही वाईट दिसतं का? शिल्पा म्हणते, माझं नाव काढूनच टाका." मी म्हटलं, "फोटो छान आहे हो, थोडं थांबा."

*

मग जवळच्या बबीना छावणीतून एका रिटायर्ड सुभेदार आजोबांचा फोन. "बाई, 'पुढचं स्थळ' दाबतोय. वर साइटच्या पत्त्यात एकचे दोन झाले, तीन झाले. मुलगी तीच! सगळ्या झाशीत एकच आहे का?"

*

पल्लवीने बघितलं आणि कपाळाला हात लावला. "काकू, पान उघडताना एकदाच आकडा वाचतंय. नंतर आकडा बदलला तरी त्याला पत्ताच नाही. परत बघ, हे मी सांगितलंच नाही त्याला."

मी म्हटलं, "कळलं! आमचे हे असेच. पेपर वाचत होते. मी उठले, माझ्या जागी शेजारच्या वहिनी बसल्या. तर त्यांनाच म्हणाले, 'आज साखर विसरलीस गं!'"

*

तिने दुरुस्त केलं. पण आमचे मालक, भैयाजी, भराभर बटण दाबत सुटले. पाच नंबरचं पान उघडलं आणि चार नंबरचा फोटो उशिरा येऊन त्यावर बसला! पल्लवी रडायच्या बेतात. तिचे बाबा रेल्वेत. डबा द्यायला आले होते. म्हणाले, "आधी सुटलेली गाडी मागून पोचते, रोजचंच आहे. पण आत घेताना आम्ही नंबर बघतो. तू बघतेस का?"

ती पळतच खुर्चीकडे गेली. आता जुन्या नंबरचा फोटो उशिरा आला, तर त्याला आत घेतच नाही.

भैयाजी म्हणाले, "बाबूजी, आप कल से यहीं आ जाइए!"

*

चार दिवसांनी एक नंबरच्या मुलीचे वडील रागावले. "साइट बिघडवलीत तुम्ही! आधी दिवसभर फोन यायचे. किती छान चालत होती!"

*

शिल्पाच्या आईला मात्र मी दुरुस्ती झाली त्याच दुपारी फोन केला होता. त्याआधी सांगायला तोंडच नव्हतं. म्हटलं, "चूक आमची आहे. पुढचं दाबलं तरी लोकांना पहिलीच मुलगी दिसायची. शिल्पाचं पान कुणापुढे आलंच नाही."

आता बोलणी खावी लागणार, म्हणून मी फोन कानापासून जरा लांब धरला.

तेवढ्यात त्यांची हाक ऐकू आली. "शिल्पे! ए शिल्पे, धावत ये! अगं, तुला कुणी बघितलंच नव्हतं!"