आत्याचं दाण्यांचं रबर

आत्याचा धंदा कवळ्यांचा. शहरातले चार-पाच डेंटिस्ट लोकांच्या जबड्यांचे साचे तिच्याकडे पाठवतात. आत्या त्यांवर मेण लावते, दात बसवते, घासूनपुसून चकचकीत करते आणि तयार हसू डब्यात घालून परत पाठवते. कवळी कुणाच्या तोंडात जाणार हे तिला कळत नाही. पण बसमध्ये समोरचं कुणी तोंडभर हसलं की ती मान तिरकी करून बघते, आणि काम आपलं निघालं तर उतरेपर्यंत खुशीत असते.

सख्खी भाची एकच, पण तिचं ऐकून ऐकून सगळा टेबल टेनिस क्लब तिला आत्याच म्हणतो. क्लब म्हणजे पोस्टाच्या वरच्या मजल्यावरचा एक हॉल, दोन टेबलं आणि एक कपाट, ज्याची किल्ली कायम हरवलेली असते. क्लबातल्या सगळ्या बॅटींची रबरं आत्या चिकटवते. हे काम तिच्याकडे कुणी सोपवलं नव्हतं. पंचवीस-एक वर्षांपूर्वी कुणीतरी रबर वाकडं चिकटवलं, आत्याला ते बघवेना, तिनं ते उपटून नीट लावलं आणि गळ्यात पडलं ते पडलंच.

चिकटवायच्या आधी ती चौकशी करते, डॉक्टर करतात तशी. "तुला करायचंय काय? फिरवायचंय, मारायचंय, की नुसतं परत ढकलायचंय?" ज्याला चेंडू गरागरा फिरवायचाय त्याला गुळगुळीत, चिकट रबर. असं रबर चेंडूला क्षणभर धरून ठेवतं आणि मग पिळून सोडतं. ज्याला जोरात मारायचंय त्याला रबराखाली जाड स्पंज. एका पोस्टमननं सगळ्यात जाड स्पंज मागितला, तेव्हा तिनं त्याला सरळ नाही म्हटलं. "तुझा हात आधीच रागीट. याच्यावर जाड स्पंज लावला तर चेंडू खाली पत्रांच्या थैल्यांत शोधावे लागतील." पोस्टमन आठवडाभर फुगून बसला आणि मग पातळ स्पंजावर तीन सामने ओळीनं जिंकला.

तिची स्वतःची बॅट मात्र वेगळ्याच जातीची. लाल बाजू चारचौघांसारखी गुळगुळीत. काळ्या बाजूला दाण्यांचं रबर, आणि दाणे साधेसुधे नाहीत, लांब, बारीक, बोट फिरवलं तर वाकणारे. या दाण्यांवर चेंडू आला की ते आडवे होतात आणि चेंडूला धरतच नाहीत, त्यामुळे त्याची फिरकी मोडत नाही. तुम्ही जीव खाऊन वरून फिरवलेला चेंडू तीच फिरकी घेऊन तुमच्याकडे परत येतो, म्हणजे तुमच्या बाजूनं बघाल तर बरोब्बर उलटी. तुम्ही नेहमीसारखी बॅट लावता आणि चेंडू जाळ्यात. चिडून तुम्ही आणखी फिरवता, तो आणखी खोल जाळ्यात. गुडघे कुरकुरत असूनही आत्या एका जागी उभी राहून सव्वीस वर्षं जिंकत आली ती या जिवावर.

पण या रबराची एक गोम होती. ते स्वतःचं काहीच देत नाही, मिळालेलं तेवढं परत करतं. समोरच्यानं अजिबात न फिरणारा, साधा चेंडू हळूच ढकलला, तर दाण्यांना परत करायला काही उरतच नाही. चेंडू नुसता तरंगत जातो, अगदी मार मला म्हणत. हे गुपित आत्यानं सव्वीस वर्षांत कुणाला सांगितलं नव्हतं. भाचीनं एकदा विचारलं, "आत्या, तुझ्या काळ्या बाजूसमोर खेळायचं कसं गं?" तेव्हा आत्यानं तिला अक्कलदाढेबद्दल अर्धा तास माहिती दिली.

त्या वर्षी बायकांच्या टीममधली तिसरी जागा अडचणीत आली. पहिल्या दोन जागा पक्क्या होत्या. तिसरी आत्याची होती, इतकी वर्षं की व्हॅनमधली ड्रायव्हरशेजारची सीटही आत्याची होती. कॅप्टन आठवडाभर शहराची बस चालवते आणि रविवारी टीमची व्हॅन. तिनंच एका संध्याकाळी घसा खाकरून सांगितलं, "आत्या, तुझी भाची आता बरी खेळते. दोघींत पाच गेमचा एक सामना लावू. जिंकेल ती टीममध्ये."

"लाव की," आत्या म्हणाली, आणि घरी गेली. ती एकटी राहते, कामाच्या खोलीच्या वरच. सहा दिवस तिला प्लास्टरची, मेणाची आणि बिनचेहऱ्याच्या दातांची सोबत पुरते. रविवार मात्र व्हॅनचा. परक्या गावचे हॉल, परकी टेबलं, येताना कॅप्टनचं बेसूर गाणं. तो गेला तर रविवारचं करायचं काय, या विचारानं ती घाबरली.

सामन्याच्या आदल्या दिवशी भाची दारात हजर. एकोणीस वर्षांची, इलेक्ट्रिशियनचं शिकणारी, केसांत कायम कुठल्यातरी भिंतीची धूळ. आजवर ती दुकानातून तयार आलेली बॅट वापरायची. आता पहिल्यांदाच तिनं चांगलं लाकूड आणि दोन सुटी रबरं आणली होती. लाल आणि काळं, दोन्ही सगळ्यात चिकट जातीची.

"लावून देशील ना? उद्या तुलाच हरवायचंय."

"ठेव तिथं. आणि साच्यांना हात लावू नकोस."

आत्यानं काम नेहमीच्या मापानं केलं. पांढरा गोंद लाकडावर आणि स्पंजावर पातळ पसरला, तो वाळून पारदर्शक होईपर्यंत थांबली, मग रबर कडेपासून हळूहळू टेकवत नेलं. नव्या रबरावर प्लास्टिकचा एक नितळ पापुद्रा असतो. बाकीचे लोक तो आधीच काढतात. आत्याच्या खोलीत प्लास्टरची धूळ उडते, म्हणून ती तो ठेवूनच रूळ फिरवते, ठेवूनच ब्लेडनं कडा कापते, आणि बॅट हातात देताना मालकासमोर सर्रकन सोलते. तो तिचा आवडता क्षण.

दुसऱ्या दिवशी भाची बॅट न्यायला आली तेव्हा एक डेंटिस्ट फोनवर ओरडत होता. कुणाचीतरी कवळी जेवताना टाळी वाजवत होती. आत्या त्याची समजूत घालत असताना भाचीनं रात्रभर वजनाखाली दाबून ठेवलेली बॅट उचलली, हात हलवला आणि गेली.

संध्याकाळी हॉलमध्ये क्लब झाडून जमला होता. पहिल्या गेमपासून आत्याला काहीतरी चुकतंय असं वाटू लागलं. भाची झोकात हात फिरवत होती, पण चेंडू फिरतच नव्हता. तिचे दोन-तीन फटके घसरून जाळ्यात गेले. "रबर नवं आहे, रुळेल," असं पुटपुटत तिनं फिरवणं सोडलं आणि नुसतं ढकलायला सुरुवात केली. साधे, मुके चेंडू काळ्या बाजूवर येऊ लागले. आत्याचे दाणे उपाशी राहिले. तरंगत गेलेला प्रत्येक चेंडू भाचीनं चपटा हाणला. अकरा-सहा.

सव्वीस वर्षांत अशी धुलाई झाली नव्हती. हात गेला आपला, आत्याला वाटलं. तेवढ्यात भाचीनं बॅट पँटला पुसली आणि ट्यूबलाइट तिच्यात आरशासारखी चमकली. आत्यानं कपाळावर हात मारला. कडा अशा सफाईनं कापलेल्या होत्या, की तो पापुद्रा शोधून सापडला नसता.

आता खरं बोलावं का? पापुद्रा काढला तर पोरीच्या हातात तिचं सगळं शस्त्र येणार. पण आपल्या हातचं काम अर्धवट बाहेर गेलंय, हे आत्याला सहन होणारं नव्हतं. आणि फिरकी आली की दाण्यांची मेजवानी, हा विचार तिच्या मनात आलाच नाही असं मी म्हणणार नाही. आला, आणि चांगला टिच्चून उभा राहिला.

"इकडे आण ती बॅट," ती म्हणाली आणि सगळ्यांसमोर दोन्ही बाजू सर्रकन सोलल्या. हॉलमध्ये असा हशा पिकला की खालून पोस्टाचा पहारेकरी वर बघायला आला.

"हे काढायचं असतं?" भाचीनं विचारलं.

"नाही, यात डबा बांधून न्यायचा असतो! माझंच चुकलं गं. खेळ आता."

पुढचे दोन गेम आत्यानं पोरीला नाचवलं. चेंडू भिंगरीसारखा यायचा आणि तसाच परत जायचा, भाची लाल होत होती आणि प्रत्येक फटका जाळ्यात. अकरा-चार, अकरा-पाच. कॅप्टन हसून म्हणाली, "आत्या, तुझी सीट गरम ठेवते."

चौथ्या गेमआधी भाची पाणी प्यायला बसली आणि पिता पिता थांबली. तिनं सोललेल्या पापुद्र्यांकडे पाहिलं. मग काळ्या दाण्यांकडे. मग आत्याच्या तोंडाकडे. वायर कुठे तुटली आहे ते सापडल्यावर तिचा चेहरा असाच होतो, आणि आत्यानं तो चेहरा ओळखला.

पहिला चेंडू आला तो साधा. दुसराही साधा, काळ्या बाजूवर. तरंगून गेला, आणि आता भाचीच्या हातात खरं रबर होतं. तिनं तो असा पिळून आत्याच्या लाल बाजूकडच्या कोपऱ्यात मारला की आत्याचे गुडघे निघायच्या आत तो भिंतीवर पोचला. एक साधा, एक फिरवलेला, एक साधा. अकरा-आठ. पाचव्या गेममध्ये आत्यानं होतं नव्हतं ते सगळं काढलं, बॅट उलटीपालटी केली, एकदा तर चक्क धावली. नऊ-नऊपर्यंत ओढत नेलं. मग दोन साधे चेंडू आले आणि सामना संपला.

भाची टेबलाला वळसा घालून आली. "आत्या, रागावलीस?"

"सव्वीस वर्षं लपवलेलं स्वतःच्या हातानं सोलून दाखवलं," आत्या म्हणाली. "रागावू कुणावर?" तिचे डोळे भरले होते आणि ते तिनं लपवले नाहीत. मग तिनं भाचीच्या केसांतली धूळ झटकली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "ही माझी भाची आहे हं."

रविवारी सकाळी व्हॅन घरासमोरून गेली. आत्या खिडकीत होती. पुढच्या सीटवरून भाचीनं हात केला, आत्यानंही केला. दिवस फार लांबला. तिनं तीन कवळ्या घासल्या, ज्यांची कुणालाच घाई नव्हती.

सोमवारी संध्याकाळी ती क्लबात सगळ्यांच्या आधी पोचली. भाची आली तेव्हा टेबलापाशी जुन्या चेंडूंनी भरलेली बादली होती आणि पलीकडे आत्या बॅट घेऊन उभी.

"रोज शंभर साधे चेंडू टाकायचे, माझ्या काळ्या बाजूवर. एकही फिरवायचा नाही."

"का म्हणून? पुढच्या वर्षी तू माझी जागा घेणार."

"घेणार तर. पण तुझी रबरं कोण चिकटवतं?"

भाची हसली आणि बादलीत हात घातला. पहिला चेंडू आत्यानं जाळ्यात घातला. दुसरा टेबलाबाहेर. तिसरा तरंगत गेला आणि भाचीनं तो सवयीनं हाणला.

"मारू नकोस, नुसता टाक," आत्या गुडघा चोळत म्हणाली. "अजून सत्त्याण्णव आहेत."