शिवकन्येनं बसवलेलं इंजिन

साखऱ्याजवळच्या एका तांड्यावर प्रेमदास राठोडची मोटारसायकल सगळ्यांच्या ओळखीची होती. गाडी जुनीच, रंग कुठला ते आता कुणाला सांगता आलं नसतं, पण दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन लटकवून ती रोज सकाळी सेनगावच्या डेअरीला जायची. प्रेमदासची बायको शिवकन्या म्हशींच्या धारा काढायची, कॅन भरून द्यायची आणि गाडी वळणाआड गेली की शेणाला लागायची. गिअरच्या गाडीचं लायसन तिच्याकडंही होतं. बचत गटातल्या बायकांबरोबर तिनं ते काढलं होतं. पण घरात गाडी एकच, आणि तिच्यावर कायम प्रेमदास.

मागच्या हिवाळ्यात डेअरीवरून परतताना धावत्या गाडीची चेन तुटली. ती इंजिनाच्या कोपऱ्यात गुरफटली, तिथं इंजिनाचं कवच फुटलं, मागचं चाक जागीच अडकलं आणि प्रेमदास रस्त्यावर आपटला. मनगटाचं हाड मोडलं. हाताला प्लास्टर चढलं.

सेनगावचा मिस्त्री गुलाबचंद गाडी बघायला तांड्यावर आला.

"हे इंजिन गेलं," तो म्हणाला. "अशाच गाडीचं चांगलं इंजिन माझ्याकडं पडून हाय. ते धाडतो. पण बसवायला मी पुतणीचं लग्न उरकल्यावरच येईन."

इंजिन नव्या चेनसकट टेम्पोतून आलं आणि अंगणात पोत्याखाली पडून राहिलं. दूध न्यायला तांड्यावरची रिक्षा लावली होती. ती कधी यायची, कधी उशिरा यायची. एका सकाळी आलीच नाही. शिवकन्येनं ते सगळं दूध खव्यासाठी चुलीवर चढवलं, ते हलवायला जाऊ संगीताला बसवलं, पदराला हात पुसले आणि बाजेवर बसलेल्या नवऱ्याला विचारलं, "पाने कुठं ठेवलेत?"

"काहून?"

"इंजिन बसवते. तुमी सांगत बसा."

प्रेमदासनं आधी हसून घेतलं. मग ती गाडीखाली गोणपाट अंथरायला लागली तसा तो बाज ओढत जवळ आला.

बॅटरीच्या वायरी सुटल्या, पेट्रोलची टाकी उतरली. जुनं ऑइल डब्यात गळत होतं तोवर तिनं सायलेन्सर काढला. मग कार्बोरेटर, क्लचची वायर, गिअरचा दांडा. काढलेली प्रत्येक वस्तू ती गोणपाटावर एकापुढं एक मांडत होती आणि तिचे नट-बोल्ट तिच्याच शेजारी.

"एका डब्यात टाक ना सगळे," प्रेमदास म्हणाला.

"मग निवडत कोण बसंल? तुमी?"

इंजिन धरून ठेवणारा मागचा लांब बोल्ट गंजला होता. प्रेमदास म्हणाला, हातोडा घाल. तिनं त्यावर ऑइल सोडलं आणि म्हशी पाण्यावर नेल्या. आली तेव्हाही बोल्ट सहज निघाला नाही, पण पान्याला पाइप अडकवून तिनं जोर लावला तसा कुरकुरत फिरला. चुलीजवळच्या संगीताला तिनं हाक मारली. दोघींनी मिळून जुनं इंजिन खाली ठेवलेल्या एका जुन्या टायरवर उतरवलं, नवं उचलून चौकटीत घातलं.

पुढचे बोल्ट बसले. मागचा मात्र अर्ध्यात जाऊन अडकला. प्रेमदासला राहवेना. डाव्या हातात हातोडा घेऊन तो उठला.

"ठिवा तो," शिवकन्या म्हणाली. "आटे मरतील. बैलाच्या मानेवरचं जू खाली वाकलं तर शिवळेची खुंटी जाती का त्याच्या भोकात? आधी जू उचलावं लागतंय."

तिनं इंजिनाखाली लाकूड ठेवलं, त्यावर पहार टेकवली. संगीतानं पहारीवर भार दिला, इंजिन नखभर वर आलं आणि बोल्ट बोटानं ढकलावा तसा आत गेला. प्रेमदासनं हातोडा बाजेखाली ठेवला. मग म्हणाला, "वायरी पुसून घे. रंग दिसल्याबिगर जोडू नको."

"हे बराबर सांगितलं," ती म्हणाली.

उतरवलेलं सगळं परत बसलं, नवी चेन चढली, ऑइल भरलं. किक मारली तर इंजिन खोकलं आणि गप्प झालं. तिनं चोक ओढला, पुन्हा किक मारली. भरपूर धूर आला आणि गाडी सुरू झाली. दोघं वाकून आवाज ऐकत राहिले.

"सरळ चालून राहिलं," प्रेमदास म्हणाला. संगीतानं तेवढ्यात कढई उतरवली, नाहीतर खवा करपलाच असता.

दुसऱ्या सकाळी कॅन बांधताना तो म्हणाला, "मी मागं बसतो."

"मग कॅन कुठं ठिवता?"

ती एकटीच गेली. पहिला चढ ती जपून चढली, दुसरा सराईतपणे गिअर बदलत. नंतरच्या सपाट रस्त्यावर तिला वाटलं, एवढी सोपी गोष्ट आपण इतकी वर्षं लांबून का बघितली. डेअरीवरच्या माणसानं विचारलं, "प्रेमदासभाऊ न्हाई आले?"

"न्हाई. मी आले," तिनं सांगितलं आणि कॅन उतरवले.

लग्नाहून परतलेल्या गुलाबचंदनं गाडी तपासली. चेन थोडी सैल केली, सायलेन्सरचा एक नट आवळला. "बाकी पक्कं हाय," तो म्हणाला, आणि इंजिन बदलल्याची नोंद हिंगोलीला आरटीओत करून घ्यायला सांगून गेला. शिवकन्या कागद घेऊन त्याच आठवड्यात जाऊन आली.

प्लास्टर निघालं त्या दिवशी प्रेमदास सकाळीच आवरून गाडीजवळ उभा राहिला. शिवकन्येनं कॅन आधीच बांधले होते.

"आज मीच जाते," ती म्हणाली. "सरकी आणायची हाय. तुमी दुकानदार देईल ती उचलून आणता."

"आन् मी काय करू?"

"काळी म्हैस चारा खाईना झाली. तिला बघा."

गाडी वळणाआड गेली. प्रेमदासनं घमेलं उचललं आणि तो गोठ्यात शिरला.