बिजलीवरची झुबेदा

नालबंदांची झुबेदा घोड्याला 'पावणं' म्हणायची. पागेत शिरली की पहिल्या खणापासून शेवटच्या खणापर्यंत सगळ्यांची चौकशी करत जायची. "काय पावणं, पोटात दुखतंय व्हय?" "का वो पावणं, आज रुसलाय जनू." आणि कोल्हापूरकडच्या कितीतरी बायकांसारखी स्वतःबद्दल बोलताना ती 'मी आलो', 'मी गेलो' असंच बोलायची. माझी आई शाळेत मराठी शिकवत होती. आमच्या घरात असलं काही माझ्या तोंडून निघालं असतं, तर सगळं वाक्य पुन्हा म्हणायला लागलं असतं. त्यामुळे झुबेदाचं बोलणं ऐकलं की सुरुवातीला मला हसू यायचं. वर्षभरात ते थांबलं, कारण घोडे तिचं ऐकायचे आणि माझं ऐकत नव्हते.

ही सत्तरच्या आसपासची गोष्ट. कोल्हापूरबाहेरच्या माळावर एक निवृत्त रिसालदार घोडेस्वारीची शाळा चालवायचे. पलटणीत असताना ते शो जंपिंग शिकले होते, आणि तेच त्यांना इथं रुजवायचं होतं. मैदानात रंगवलेले दांडे, लाकडी फळ्यांची खोटी भिंत, एकामागं एक ठेवलेले दुहेरी अडथळे मांडायचे आणि ठरलेल्या क्रमानं घोडा त्यांवरून उडवायचा. दांडा पडला की चार फॉल्ट. ज्याचे फॉल्ट कमी, तो जिंकला.

कॉलेजच्या पहिल्या वर्षापासून मी तिथं जात होते. वर्षभर तिथं मुलगी मी एकटीच होते, आणि ते मला फार आवडत होतं. सायकलवरून माळाकडे निघाले की गल्लीतली माणसं वळून बघायची. शिंप्याकडून खास शिवून घेतलेली माझी पँट सगळ्या मंगळवार पेठेत गाजली होती.

मग झुबेदा आली. तिचे वडील इस्माईलचाचा पागेतल्या घोड्यांना नाल मारायचे, आणि ती घोड्याचा पाय धरायला त्यांच्याबरोबर यायची. माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी. एकदा रिसालदारसाहेबांनी तिला खोगीर नसलेल्या घोड्यावर बसून हौदाकडे जाताना पाहिलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी चाचांना विचारलं, चाचांनी घरात विचारलं, घरातल्यांनी आठवडाभर नको-नको केलं, आणि शेवटी झुबेदा भावाची जुनी विजार घालून खोगिरावर बसली. तिचं बसणं बघून साहेबांनी हातातली छडी काखेत धरली. मला वर्षभर ओरडून शिकवलेलं सगळं तिला आधीच येत होतं.

"उडी घोड्याची असती," ती मला म्हणाली होती. "आपुन फकस्त मधी यायचं न्हाय."

हे वाक्य मी वहीत लिहून घेतलं होतं, आणि त्याचा मला रागही आला होता. आजूबाजूला कुणी नाही असं बघून मी एकदा माझ्या सरदार घोड्याच्या कानाशी 'काय पावणं' म्हणून पाहिलं. सरदारनं कान मागं पाडले.

साहेबांनी तिला दिलेली शाबासकी मी मनातल्या मनात मोजायचे. ती आजारी पडली तर मला बरं वाटायचं. ती बरी होऊन आली की मी सगळ्यांच्या आधी तिची विचारपूस करायचे, आणि माझ्या आवाजातला गोडवा माझा मलाच ऐकू यायचा.

त्यात बिजली आली. तांबडी घोडी, उंच, अंगावर हात ठेवू न देणारी. भिंतीच्या अडथळ्याला तर ती इतकी बुजायची की वीस पावलांवरूनच मागं फिरायची. साहेबांनी ती झुबेदाकडे दिली. झुबेदानं तिला भिंतीवर नेलंच नाही. दुपारी दोर हातात धरून ती त्या भिंतीच्या सावलीत बसायची आणि भाकरी खायची. असं तीन दिवस चाललं. मी कुंपणाशी उभी राहून दोघा-तिघांना दाखवून हसले. चौथ्या दिवशी बिजली आपण होऊन पुढं आली आणि भिंत हुंगून झुबेदाच्या शेजारी उभी राहिली. पंधरवड्यात दोघी त्या भिंतीवरून अशा जायला लागल्या की घोड्यांची निगा राखणारे मोतद्दार हातातलं काम टाकून बघत राहायचे. त्या पहिल्यांदा भिंतीवरून गेल्या त्या संध्याकाळी मी डोकं दुखतंय असं आईला सांगून जेवले नाही.

त्या हिवाळ्यात पुण्याला स्पर्धा होती. आमच्याकडून एकालाच पाठवायचं होतं, आणि जो निवडला जाईल त्यानं बिजलीला न्यायचं, असं साहेबांनी जाहीर केलं. चाचणीच्या दिवशी प्रत्येकजण आपापल्या घोड्यावर उतरणार होता. सुरू होण्याआधी सगळ्यांनी मैदानात पायी फिरून अडथळ्यांमधलं अंतर पावलांनी मोजायचं असतं. मधे घोड्याच्या किती ढांगा बसतील हे आधी ठाऊक नसेल, तर स्वार उडीला लवकर तरी लगाम सैल सोडतो नाहीतर उशिरा.

नेमका त्याच वेळी बिजलीचा पुढचा नाल ढिला झाला. आम्ही सगळे मैदानात मोजत फिरत होतो आणि झुबेदा वडलांसाठी घोडीचा पाय मांडीवर धरून बसली होती. नाल बसेपर्यंत मोजायची वेळ संपली. मी सरदारवरून सगळे अडथळे पार करून आले होते, एकही दांडा पडला नव्हता. ती फाटकाशी खोगिरावर बसून तिच्या नावाची वाट बघत होती. तिनं खाली वाकून मला विचारलं, "भिंत आणि दुहेरीच्या मधी किती गं?"

पाच होत्या. मी दोनदा मोजल्या होत्या.

"चार," मी म्हणाले.

भिंत दोघींनी सुरेख पार केली. मग झुबेदानं घोडीला पुढं सोडलं, चार ढांगांत पोचायचं म्हणून. मधेच तिचं अंग ताठ झालेलं मला दिसलं. लगेच तिनं हात सैल सोडले आणि घोडीवर सोपवलं. बिजलीनं कशीबशी पाचवी ढांग कोंबली आणि जवळून, उभी उडी घेतली. मागचा खूर लागला. दांडा क्षणभर हलत राहिला आणि पडला. बाकी सगळं तिनं स्वच्छ केलं, पण चार फॉल्ट झाले होते. पुण्याला मी जाणार होते.

झुबेदा खाली उतरली, घोडीचे चारही पाय हातानं चाचपून बघितले, आणि मला म्हणाली, "उद्या सकाळी लवकर ये. हिची खोड सांगतो तुला."

आठ दिवस ती रोज आली. बिजली डावीकडं सरकते, दोन्ही बाजूंनी आवळलं की ती चिडते, उडीआधी लगाम ओढला की तोंड वर करते, हे सगळं तिनं मला शिकवलं. मी ओढायला लागले की "सोड, सोड" म्हणत ती घोडीशेजारून धावायची. माझ्या मनात एवढंच येत होतं की हिला कळलेलं नाही, माझी मोजण्यात चूक झाली असं ही समजते आहे.

पुण्यात माझा तिसरा नंबर आला. वर्तमानपत्रात फोटो आला. सत्काराच्या दिवशी साहेब चारचौघांत म्हणाले की घोडी घडवली झुबेदानं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या, आणि हार गळ्यात असताना मला तिचा पूर्वीपेक्षा जास्त हेवा वाटला.

पुढच्या वर्षी तिचं लग्न होऊन ती कागलला गेली. काही वर्षांनी साहेब वारले आणि शाळा बंद पडली. मी बँकेत लागले, माझंही लग्न झालं. ते 'चार' मात्र माझ्या मनातून गेलं नाही. अठरा-वीस वर्षं गेल्यावर बिजली वारणेकडच्या एका मळ्यात म्हातारी होऊन मेल्याचं इस्माईलचाचांकडून कळलं, आणि त्याच रविवारी मी कागलची एसटी धरली.

झुबेदा शिवणयंत्रावर बसली होती. जाड झाली होती, चष्मा लागला होता. घोडी गेल्याचं तिला आधीच कळलं होतं. चहा झाला, पोरांची चौकशी झाली. मग मी सांगितलं. मला पाच माहीत होत्या, आणि मी मुद्दाम चार सांगितल्या.

"ठावं हाय," ती म्हणाली. "दुसऱ्या ढांगंलाच कळालं की."

मग ते आठ दिवस कशाला आलीस, असं मी विचारलं.

"बिजली तुझ्यासंगं जाणार हुती. लगामाला तुझा हात जड. तिचं तोंड फाडून आणलं असतंस तू." तिनं सुईत दोरा ओवला. "तुझ्यासाठी न्हाय आलो मी."

ती स्टँडपर्यंत सोडायला आली. गाडी सुटेपर्यंत थांबली, पण पुन्हा ये असं म्हणाली नाही.

तिनं मला माफ केलं नव्हतं, आणि तिचं बरोबर होतं. त्याचं मला वाटलं होतं तितकं दुःख झालं नाही. माझ्या मनात घोळत होतं ते वेगळंच. स्वतःचं सगळं हातातून गेलेलं असताना, ज्या मुलीनं ते नेलं तिच्या शेजारून ती आठ दिवस धावली, आणि त्या आठ दिवसांत तिला फक्त घोडीचं तोंड दिसत होतं. असं मला कधी कुणाबद्दल वाटलं नाही, ना घोड्याबद्दल, ना माणसाबद्दल. कोल्हापूर येईपर्यंत मी खिडकीशी बसून होते, आणि चाळिशीच्या उंबरठ्यावर, दोन पोरांची आई असताना, मला झुबेदाचा हेवा वाटत होता.