हेलाबाई काय म्हणाली

कन्नमवार नगरला आमच्याच इमारतीत तळमजल्यावर मालनताई राहायच्या. माहेर जालन्याकडचं. लग्न झालं आणि विक्रोळीला आल्या त्या इथल्याच झाल्या. नवरा भाऊराव कंपनीत फिटर. मालनताई मुलुंडला एका छोट्या नर्सिंग होममध्ये आयाचं काम करायच्या. पेशंटचं अंग पुसणं, कूस बदलणं, भांडं देणं, चादरी काढणं. हे करताना त्यांचं तोंड अखंड चालू. "आता गार लागंल हां दादा, जरा दम धर. झालं, झालं. बघ, कसा राजावानी दिसायला लागला." शुभा सिस्टर वैतागून म्हणायच्या, "मालन, तुझा रेडिओ बंद कर गं जरा." पण त्या खरंच गप्प बसल्या की पेशंटच विचारायचे, आज बाईंना बरं नाही का?

त्र्याऐंशी साल नुकतंच लागलं होतं तेव्हाची ही हकीकत. मालनताईंनी ती आम्हाला एका बैठकीत कधीच सांगितली नाही. भाजी निवडताना थोडी, नळावर थोडी, अशी सांगितली.

मुलुंड कॉलनीच्या पुढे, डोंगराच्या अंगाला एका शेठचा जुना बंगला होता. दर हिवाळ्यात तिथे शिबिर भरायचं. लंकेहून एक वयस्कर भंते यायचे आणि त्यांच्याकडून ध्यान शिकायला कुठून कुठून गोरे लोक विमानानं यायचे. शिबिर संपेपर्यंत सगळ्यांना मौन. कुणी कुणाशी बोलायचं नाही, बाहेर जायचं नाही, एकमेकांच्या डोळ्याला डोळासुद्धा भिडवायचा नाही. फाटकातून दिसायचं, पांढरे कपडे घातलेली माणसं बागेत एकेक पाऊल मोजल्यासारखी चालताहेत.

मालनताई रविवार चुकवायच्या नाहीत, विहारात वंदनेला जायच्याच. त्यांना या शिबिराचं फार अप्रूप. भाऊराव तर इमारतीतल्या पोरांना ऐकवायचे, "साता समुद्रापलीकडनं लोक येतात आपला बुद्ध शिकायला, आणि तुम्हाला समोरच्या विहारात यायचा कंटाळा!" एका पौर्णिमेला मालनताई ड्युटी संपवून फुलं घेऊन बंगल्यावर गेल्या. भंतेंना नुसतं लांबून वंदन करायचं होतं. वॉचमननं फुलं घेतली आणि सांगितलं, "बाई, आत सगळं इंग्लिशमध्ये चालतं. नाव नोंदवलेल्यांनाच सोडतात." मालनताईंना त्याचं वाईट वाटलं नाही. फुलं पोचली, बास.

त्या हिवाळ्यात शिबिरातली एक बाई नर्सिंग होममध्ये आणली. पन्नाशीची, उंच, हाडापेरानं मजबूत. डोळे हळदीसारखे पिवळे. सोबत आलेल्या गोऱ्या पोरानं कागद भरले, थोडा वेळ बाकावर बसला आणि हात जोडून परत गेला. कागदावर नाव होतं हेले असं काहीतरी, देश डेन्मार्क. मालनताईंनी लगेच तिची हेलाबाई करून टाकली.

"कावीळ आहे," डॉक्टर म्हणाले. "उशिरा आणली. अंगावर काढली बाईनं."

मौनात असल्यामुळे तिनं कुणाला सांगितलंच नव्हतं. जेवण जात नाही, उलटी होते, हे सगळं ती साधनेचाच भाग समजत होती, असं शुभा सिस्टरनी तिच्याशी इंग्रजीत बोलून काढून घेतलं.

मालनताईंना इंग्रजीचा एक शब्द येत नव्हता. हेलाबाईला मराठी यायचा प्रश्नच नव्हता. तरी मालनताई बोलतच राहिल्या. अंग पुसताना म्हणाल्या, "एवढी लांब कशाला आलीस गं बाय? घरी कोन हाय तुझं?" हेलाबाई नुसती बघायची. मग एका सकाळी चादर बदलताना मालनताई सवयीनं त्रिशरण, बुद्धं सरणं गच्छामि, पुटपुटत होत्या आणि मागून आवाज आला. हेलाबाई तेच म्हणत होती. उच्चार वेडेवाकडे, चालही वेगळीच, पण शब्द तेच. मालनताई चादर हातात धरून थांबल्या. दोघींनी मिळून ते शेवटपर्यंत म्हटलं.

"अगं, ही आपल्यातलीच की!" त्या शुभा सिस्टरना ओरडून म्हणाल्या.

पण तेवढंच. दुखतंय का, तहान लागली का, भीती वाटते का, यातलं काही त्या शब्दांत विचारता येत नव्हतं. दोघींच्या कामाचा आणखी एकच शब्द होता, भंते. हेलाबाई दाराकडे बोट करून विचारायची, "भंते?" मालनताई म्हणायच्या, "येतील हां. येतील." त्यांना वाटायचं, निरोप गेला असेलच.

दुखणं उतरायच्या ऐवजी चढलं. हेलाबाई दिवसभर झोपून राहायला लागली. उठवलं की हात थरथरायचे, पेला तोंडाला लागायचा नाही. एकदा सलाईनची सुई उपटून ती दाराशी जाऊन उभी राहिली आणि आपण कुठे आहोत हे तिला सांगता येईना. डॉक्टरांनी मुंबईतल्या मोठ्या डॉक्टरांना फोन लावला. फोन ठेवून म्हणाले, "काविळीनं मेंदू धरला. तिथे नेऊनही हेच उपचार करतील, आणि रस्त्यातच काही झालं तर? शिबिरवाल्यांना तिच्या घरी कळवा म्हणावं."

"आणि भंतेजी?" मालनताईंनी विचारलं.

"त्यांना कळवलंय. त्यांच्या कमिटीचा माणूस म्हणतो, शिबिर मोडता येत नाही."

मालनताईंनी पदर खोचला आणि दुपारच्या उन्हात बंगला गाठला. फाटकाशी शिबिराची व्यवस्था बघणारा चंद्रप्रकाश भेटला. साधा, मऊ बोलणारा माणूस, बँकेतून रजा काढून दरवर्षी सेवा करायचा.

"ताई, मला कळत नाही का?" तो हळू आवाजात म्हणाला. "पण आत चाळीस माणसं बसलीत. भंतेजी मधेच उठले तर सगळ्यांचं सगळं विस्कटतं. हा नियम माझा नाही."

"मग तुम्ही त्यांना सांगितलं तरी का, ती किती आजारी हाय ते?"

"आजारी आहे एवढं सांगितलंय. त्यांनी तिच्यासाठी मंगल भावना करायला सांगितली सगळ्यांना."

"ती मरायला टेकलीय हो!"

"हळू बोला ना, ताई, प्लीज."

आत बागेत माणसं चालत होती. पाऊल उचलायचं, थांबायचं, टेकवायचं. एक पोरगी फाटकापासून हाताच्या अंतरावरून गेली, पापणी न उचलता. मालनताई सांगायच्या, "मला वाटलं मी पाण्याखालून बोलतेय. माझा आवाज कुणापर्यंत जातच नाही." वॉचमनला ढकलायचं बळ नव्हतं आणि परत जाऊन हेलाबाईला पुन्हा 'येतील हां' म्हणायची हिंमत नव्हती. मग त्यांनी फाटकाचे गज धरले आणि होता नव्हता तेवढा जीव एकवटून हाक मारली, "भंतेजी! ओ भंतेजी!"

बागेतली सगळी माणसं जागच्या जागी थांबली. वर मात्र कुणी पाहिलं नाही. एक बाई उभ्या उभ्या रडायला लागली, तिलाही कुणी विचारलं नाही. चंद्रप्रकाशनं कपाळाला हात लावला. थोड्या वेळानं व्हरांड्यात चिवरातला एक म्हातारा, ठेंगणा माणूस आला. डोळे किलकिले करून त्यानं फाटकाकडे पाहिलं आणि चंद्रप्रकाशला हातानं बोलावलं.

शेठच्या गाडीतून ते आले. भंते आणि चंद्रप्रकाश मागे, मालनताई पुढे ड्रायव्हरशेजारी. ज्यांना लांबून वंदन करायला फुलं नेली ते आता पाठीमागे बसलेत, खोकताहेत, आणि आपण त्यांच्याकडे पाठ करून बसलोय, याचाच त्यांना संकोच वाटत होता. पण मनातून धीर आला होता. आता काहीतरी होईल. औषधानं नाही तर त्यांच्या बोलण्यानं तरी बाई शांत होईल.

भंते कॉटजवळच्या स्टुलावर बसले. मालनताई हेलाबाईच्या कानाशी वाकल्या. "हेलाबाई, बघ कोन आलंय. भंते! भंते आले."

हेलाबाईनं डोळे उघडले. आणि ती बोलायला लागली. भरभर, कळकळीनं, मधेच थांबून, आवाज चढवून. काहीतरी विचारत होती. उत्तर आलं नाही की पुन्हा तेच विचारत होती. भंते पुढे झुकून ऐकत राहिले. इंग्रजीत हळूच काहीतरी म्हणाले. ती मान हलवून पुन्हा आपलंच बोलायला लागली.

"क्या बोलती है, भंतेजी?" मालनताईंनी विचारलं.

भंतेंनी त्यांच्याकडे पाहिलं. "मालूम नहीं," ते मोडक्या हिंदीत म्हणाले. "ये इंग्लिश नहीं. ये उसका घर का भाषा."

शुभा सिस्टर दारात उभ्या होत्या. त्यांना कळत नव्हतं. चंद्रप्रकाशला कळत नव्हतं. शिबिरात डेन्मार्कचं दुसरं कुणीच नव्हतं. एवढ्या मुलुंडमध्ये ती बाई काय मागतेय हे सांगणारं एक माणूस नव्हतं. डोळ्यांतून पाणी गाळत ती विचारत होती आणि सगळे उभे राहून ऐकत होते.

मग तिनं थरथरता हात भंतेंच्या दिशेनं पुढे केला.

भंते त्या हाताकडे बघत राहिले. विहारात जाणाऱ्या मालनताईंना माहीत होतं, भिक्खू बाईला स्पर्श करत नाहीत. भंतेंचे दोन्ही हात मांडीवर होते, एकात एक घट्ट अडकवलेले. हेलाबाईचा हात तसाच हवेत राहिला. शेवटी मालनताईंनीच तो धरला. हेलाबाईनं त्यांच्याकडे मान वळवलीसुद्धा नाही. ती भंतेंकडेच बघत बोलत राहिली, थकेपर्यंत.

भंतेंनी पालीतलं एक सुत्त म्हणायला घेतलं. मधेच थांबून त्यांनी पुन्हा सुरुवात केली. हेलाबाई झोपली की बेशुद्ध झाली ते कुणाला कळलं नाही.

जाताना भंते व्हरांड्यात भिंतीला टेकून उभे राहिले. मालनताई पाणी घेऊन गेल्या. पाणी पिऊन ते म्हणाले, "इतना साल सबको सिखाया, मरना कैसे देखना. आज मेरे को कुछ सूझा नहीं, बहन."

मालनताईंनी पेला परत घेतला.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत हेलाबाई गेली. मालनताईंनी तिला आंघोळ घातली, तिचेच पांढरे कपडे घातले. शिबिर शेवटपर्यंत चाललं. लांबून आलेल्या लोकांना परत कसं पाठवणार, असं चंद्रप्रकाश म्हणाला, आणि त्याचंही काही खोटं नव्हतं. पुढच्या हिवाळ्यात मात्र बंगल्यावर शिबिर भरलं नाही. भंते लंकेहून आलेच नाहीत.

हेलाबाईची मुलगी आली तोवर सगळं उरकलं होतं. पंचविशीतली असेल, आईसारखीच उंच. शुभा सिस्टरना मधे घालून तिनं मालनताईंना विचारलं, "शेवटी तुम्हीच जवळ होतात ना? आई काय म्हणाली?"

"खूप बोलली," मालनताई म्हणाल्या. "सारखी काहीतरी विचारत होती. पन मला नाही गं कळलं, बाय. तुमच्या बोलीत बोलली."

मुलीनं त्यांचे दोन्ही दंड धरले. शुभा सिस्टर म्हणाल्या, "ती म्हणते, अर्थ नको. नुसते आवाज सांगा. एखादा शब्द कानात राहिला असेल. कसाही चालेल, मी ओळखीन."

मालनताईंनी डोळे मिटले. हेलाबाईचा चेहरा समोर आला, ओठ हलताना दिसले, हाताची थरथरसुद्धा हाताला लागली. शब्द मात्र एकही येईना. त्यांनी तोंड उघडलं, एकदा, दोनदा. मुलगी त्यांच्या ओठांकडे टक लावून बघत होती. काहीतरी बनवून सांगावं असंही त्यांच्या मनात आलं. पण बनवायला तरी त्या भाषेतला एक आवाज यायला हवा होता.

"नाही येत गं," त्या म्हणाल्या आणि त्यांना रडू फुटलं. मुलीला ते भाषांतर करून सांगावं लागलं नाही.

मग तिनं आईची खोली बघायची आहे असं सांगितलं. त्या कॉटवर आता हर्नियाचं ऑपरेशन झालेले एक आजोबा होते. मुलगी दारातच थांबली. आजोबांची बायको स्टुलावर बसून मोसंबं सोलत होती. त्या बाईला कुणी काही सांगितलेलं नव्हतं. परकी पोर दारात उभी बघून ती बाजूला सरकली, स्टुलावर जागा केली आणि मोसंब्याच्या दोन फोडी तिच्यापुढे धरल्या.

मुलगी आत जाऊन बसली. मालनताई बादली उचलून पुढच्या खोलीत गेल्या. त्या दिवशी त्या कुठल्याच पेशंटशी बोलल्या नाहीत.