सात आणि पुढं सहा शून्यं

एसटीत कंडक्टर असताना हातातल्या नोटेचा नंबर वाचायची सवय लागली, ती निवृत्तीनंतरही सुटली नाही. पुढं परदेशी नोटांचा नाद लागला. नंबर मात्र वेगळा हवा. सगळे आकडे सारखे, नाहीतर उलटसुलट वाचला तरी तोच.

कडेगावचा एक अत्तरवाला याच नादातला, माझ्याच वयाचा. आफ्रिकेत ड्यूटी करून आलेल्या एका जवानानं आम्हा दोघांना काँगोची एकेक नोट दिली होती. माझ्या नोटेचा नंबर सहा आणि पुढं सहा नऊ. त्याची लगेच पुढची, सात आणि पुढं सहा शून्यं. मी किती वर्षं मागितली. तो हसायचा. "तुझीच दे की रं गड्या. जोडी कुणाकडं का हुईना."

यंदा त्याला सांगलीला दवाखान्यात ठेवल्याचं कळलं. बायकोला बीपीचा त्रास, म्हणून साताऱ्याला पेन्शनच्या कामाला जातो असं तिला सांगून मी विट्याहून सांगली गाठली. तो शुद्धीत नव्हता. तोंडात नळी होती. फक्त उजव्या हाताची बोटं चादरीवर हलत होती, अल्बमचं पान उलटावं तशी. मी दुपारभर शेजारी बसलो.

दोन दिवसांनी तो गेला. दफन उरकून घरी आलो आणि बायकोला सगळं सांगितलं. ती माझ्याकडं बघतच राहिली.

"आवं, असं कसं? परवा दुपारी तर अत्तरवालं भाई येऊन गेलं की! तुमी साताऱ्याला गेलावता तवा. तुमचा अल्बम मागितला, बघत बसलं. च्या दिला, पर घेतला न्हाई."

"दुसरा कुठला तरी दिवस असंल."

"गॅसची टाकी आली तवाच आलं ते." तिनं डब्यातून पावती काढून दिली. तारीख तीच होती.

मी अल्बम उघडला. माझ्या नोटेशेजारच्या रिकाम्या कप्प्यात त्याची नोट होती.

दुसऱ्या दिवशी ती घेऊन कडेगावला गेलो. त्याच्या लेकीनं कमरेची किल्ली काढून कपाट उघडलं. अब्बांना दवाखान्यात नेल्यापासून किल्ली तिच्याजवळच होती. आतल्या अल्बममध्ये त्या नोटेची जागा मोकळी होती. मी नोट पुढं केली, तर ती दोन पावलं मागं सरली.

"न्हाई काका. अब्बांनी दिलीया. मी कशी माघारी घिऊ?"

तेव्हापासून मी एकही नोट घेतलेली नाही. पाचगणीच्या एका दुकानदारानं परवा चांगला नंबर आलाय म्हणून फोन केला, त्यालाही नको म्हटलं.

बायकोला मी त्यानंतर एकदाच विचारलं, "त्याच्या पायांकडं बघितलंवतंस का?"

ती भाकरी थापत होती. हात थांबला.

"बघितलं न्हाई," ती म्हणाली. "आन् आता इचारू नगा."